गोडाऊन भरलेलं, रॅक रिकामा

सुपरमार्केटमध्ये काम करणाऱ्या माणसांचं मन कामात असलं किंवा नसलं तर धंद्याला नेमका काय फरक पडतो, यावर या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून प्रश्न आले. एकसारखी पत्रं एकत्र केली, लांब पत्रं आखडली. कंपन्या याला 'एम्प्लॉयी एंगेजमेंट' म्हणतात. उत्तरांत आम्ही 'कामात मन असणं' एवढंच म्हटलं आहे.

प्रश्न : साडेतीन हजार चौरस फुटांचं दुकान आहे, १४ माणसं आहेत. सहा महिने झाले, गल्ला जागचा हलत नाही. गोडाऊनमध्ये माल असतो, पण संध्याकाळी रॅकवर साखर नाही, चहा नाही. गिऱ्हाईक हात हलवत परत जातं. कॅमेरे लावले, दोनदा सगळ्यांना झाडलं, फरक शून्य. पोरांचं मनच कामात नाही असं वाटतं. हे मोजायचं कसं?
(दुकानमालक, शिरपूर)

उत्तर : मन मोजायच्या आधी रॅक मोजा. रोज हमखास खपणाऱ्या ३० वस्तूंची यादी काढा: साखर, चहा, एक लिटरची तेलाची पिशवी, तूरडाळ, मीठ, कपड्यांचा साबण, पाच-दहा रुपयांचे बिस्किटांचे पुडे अशी. सकाळी ११ ला आणि संध्याकाळी साडेसहाला एकाने यादी घेऊन दहा मिनिटांची फेरी मारायची. प्रत्येक वस्तूपुढे तीन नोंदी करायच्या: रॅकवर आहे का, नसेल तर गोडाऊनमध्ये आहे का, आणि कॉम्प्युटर किती नग दाखवतो. चौदा दिवसांत ८४० तपासण्या होतात. एवढ्या पुरतात.

मग 'रॅकवर नाही' अशा नोंदींचे तीन ढीग पाडा. गोडाऊनमध्येही नाही आणि कॉम्प्युटरही शून्य दाखवतो, तो दोष खरेदीचा, म्हणजे बहुतेक तुमचाच. गोडाऊनमध्ये आहे पण रॅकवर नाही, तो माल लावण्याचा. आणि कुठेच नाही पण कॉम्प्युटर मात्र ११ नग दाखवतो, तो नोंदीचा.

हा तिसरा ढीग दिसतो लहान, पण माणसांचं मन सगळ्यात जास्त तोच मोडतो. गिऱ्हाईक विचारतं, पोरगा कॉम्प्युटरवर बघून 'आहे' म्हणतो, गोडाऊनमध्ये वीस मिनिटं शोधतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. असं आठवड्यात पाच वेळा झालं की सहाव्यांदा तो जागेवरूनच 'संपलं' म्हणतो. मालकाला तो आळशी वाटतो. हा गोंधळ तुमच्या एकट्याच्या दुकानात नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या साखळीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३,७०,००० नोंदी निकोल डीहोरेशस आणि अनंत रामन या अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा त्यातल्या ६५ टक्के प्रत्यक्ष मालाशी जुळल्या नाहीत.

नोंद चुकते कुठे, तेही बघा. माल उतरवताना न मोजता बिलावरूनच आवक चढवली जाते. फुटलेली बरणी, उंदराने कुरतडलेला पुडा नोंदवायचा राहतो. ५० किलोचं पोतं सुटं करून पाकिटं भरताना सांडलवंड होते आणि काट्यावर प्रत्येक पाकिटाला पाच-सात ग्रॅम जास्त जातात, पण कॉम्प्युटर पूर्ण ५० किलोची पाकिटं धरून चालतो. सगळ्यात नेहमीची चूक काउंटरवर होते. गिऱ्हाईक एकाच किमतीचे तीन वासांचे सहा साबण आणतं, कॅशियर एकच साबण स्कॅन करून 'गुणिले ६' मारते. गल्ला बरोबर, स्टॉक मात्र तीन ठिकाणी चुकला. ती असं करते कारण मागे नऊ माणसांची रांग आहे.

दुसरा ढीग मोठा निघाला तर घड्याळ लावा. २४ नगांचं खोकं उघडून, जुना माल पुढे ओढून, नवा मागे लावायला चार-पाच मिनिटं लागतात. दिवसाला ६० खोकी येत असतील तर हे पाच तासांचं काम झालं. ते पाच तास तुमच्या दिवसात आहेत कुठे? एजन्सीचा टेम्पो संध्याकाळी पाचला येत असेल आणि सहाला गर्दी सुरू होत असेल, तर कितीही मन लावलं तरी साडेसहाला रॅक रिकामाच दिसणार. टेम्पो सकाळी १० ते १२ मध्ये मागवा. रॅक वाटून द्या. प्रत्येकाकडे दोन-तीन रॅक, त्यावर त्याचं नाव, आणि नावासोबत थोडा अधिकारही: माल कधी मागवायचा ते सांगायचा, कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात ठेवायची ते ठरवायचा. नुसतं नाव चिकटवलं आणि अधिकार दिला नाही, तर ती शिव्या कुणाला घालायच्या याची यादी होते.

एवढं केल्यावर महिनाभराने सगळ्यांचे रॅक भरलेले आणि एकाचाच रिकामा, तर मग 'याचं मन का नाही' हा प्रश्न त्याला एकट्याला बोलावून विचारा.

उत्पादकतेचा आकडा एकच ठेवा, माणूस-तासामागे विक्री. १४ पैकी रोज १२ हजर, प्रत्येकाचे जेवण वगळून ८ तास, म्हणजे ९६ तास. विक्री १,२०,००० असेल तर तासाला १,२५० रुपये. सोबत बिलांची संख्याही लिहा, नाहीतर तेलाचे भाव चढले की वाटतं माणसं कामाला लागली. तुलना आठवड्याशी आठवड्याची करा, तीही महिन्याच्या त्याच आठवड्याशी. पगाराच्या पहिल्या दहा दिवसांची तुलना २० तारखेनंतरच्या दिवसांशी करून काही कळत नाही. कॅमेरे असू द्या. चोरी सापडायला ते लागतात, पण त्यांनी रॅक भरत नाही.

प्रश्न : मी कॅशियर आहे. रोज आठ-नऊ तास उभी असते, बसायला काही नाही. मागच्या महिन्यात गल्ल्यात ६४० रुपये कमी आले, ते माझ्या पगारातून कापले. त्या दिवशी मी जेवायला गेले तेव्हा माझ्याच लॉगिनवर दुसऱ्या मुलीने बिलं केली होती. आता कामावर जायचीच इच्छा होत नाही. असं कापता येतं का?
(एक वाचक, भुसावळ)

उत्तर : ताई, आधी ६४० चा हिशेब बघू. कमी आलेली रक्कम अशी ठळक असली की त्या दिवशीच्या बिलांत बरोबर ६४० चं एखादं बिल आहे का ते शोधायला सांगा. गिऱ्हाइकाने यूपीआयने पैसे दिले आणि बिलावर 'रोख' बटण दाबलं गेलं, तर गल्ला नेमका तेवढ्याच रकमेने कमी येतो आणि बँकेत तेवढीच रक्कम जास्त दिसते. दिवसाचं यूपीआय स्टेटमेंट आणि कॉम्प्युटरवरची यूपीआयची बेरीज शेजारी ठेवली की पाच मिनिटांत कळतं. 'गल्ला कमी' या तक्रारीत सगळ्यात आधी हेच तपासायचं असतं.

कायद्याचं म्हणाल तर नुकसानीपोटी पगार कापायला अटी आहेत. माल त्या व्यक्तीच्या ताब्यात खास सोपवलेला असायला हवा, किंवा पैशांचा हिशेब द्यायची जबाबदारी तिची असायला हवी. नुकसान थेट तिच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं असायला हवं. आणि कापण्याआधी तिला तिचं म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात हे होतं, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. एका लॉगिनवर दोघींनी बिलं केली असतील तर पहिल्या दोन्ही अटी डळमळतात. मालकांना साध्या कागदावर अर्ज द्या: तारीख, जेवणाची वेळ, त्या वेळेतल्या बिलांचे नंबर. नुसत्या तोंडी तक्रारीपेक्षा बिलांच्या नंबरांना वजन येतं. उत्तर आलं नाही तर जळगावच्या कामगार कार्यालयात जाता येतं.

आता हेच मालकांसाठी, कारण अशी आणखी तीन पत्रं आली आहेत. गल्ला एकाच माणसाचा असायला हवा. सकाळी दोघांच्या सहीने २,००० रुपये सुटे मोजून द्यायचे: दहाच्या ५० नोटा, वीसच्या २५, पन्नासच्या १०, शंभरच्या ५, आणि वर नाणी वेगळी लिहून. जेवायला जाताना ड्रॉवरला कुलूप आणि लॉगिन बंद. बदली माणूस आला तर त्याचा ट्रे वेगळा, लॉगिन वेगळं. ड्रॉवरमध्ये २०,००० च्या वर रोकड जमली की सुपरवायझरने उचलायची आणि जागेवरच दोघांनी चिठ्ठीवर सही करायची. रात्री कॅशियरने आधी मोजून आकडा लिहायचा, कॉम्प्युटरचा आकडा त्यानंतर बघायचा. उलट क्रमाने केलं की जास्त आलेले पैसे बाजूला राहतात आणि उद्याची तूट त्यातून भरली जाते. हिशेब कागदावर सरळ दिसतो, आत मुरत जातो.

कमी आले तसे जास्त आलेलेही लिहायचे. शिफ्टमागे वीस-तीस रुपये इकडेतिकडे झाले तर विचारायचं नाही, कारण सुट्या पैशांच्या धंद्यात ते होतंच. कुणाचं तीन आठवडे सतत कमीच येत असेल तर मात्र बसून बघायचं.

कापण्याची भीती घातली की कॅशियर जास्त काळजीने काम करेल, असं मालकांना वाटतं. करते ती. प्रत्येक नोट दोनदा मोजते, पाचशेची नोट उजेडात धरते, सुटे देताना थांबते. ४५ सेकंदांचं बिल ६० सेकंदांवर जातं. म्हणजे तासाला ८० बिलांऐवजी ६०, आणि संध्याकाळच्या चार तासांत एका काउंटरवर ८० बिलं कमी. महिन्याचा किराणा भरणारा रांगेत उभा राहतो, पण दूध-ब्रेडला आलेला रांग बघून पलीकडच्या टपरीवर जातो. ६४० रुपये वसूल करायला हा भाव जास्तच आहे.

उभं राहण्याबद्दल: केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. आपल्याकडे मालकांनी कायद्याची वाट कशाला बघायची? पाय टेकवायला आडवी पट्टी असलेलं उंच स्टूल, साधारण २४ ते २६ इंचांचं, आणि उभं राहायच्या जागी जाड रबरी चटई. काउंटर उंच असेल तर स्टूल त्या मापाने घ्या, नाहीतर हात खांद्याच्या वर जातात आणि बसणं उभं राहण्यापेक्षा जास्त दुखतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा पत्र्याच्या गोडाऊनमधलं उचलायचं काम सकाळी दहाच्या आत उरका. काउंटरच्या मागे पिण्याचं पाणी ठेवा, चाळीस पावलांवर नको.

प्रश्न : 'महिन्याचा उत्तम कर्मचारी' म्हणून फोटो लावला तर उत्साह वाढतो का?
(जळगाव)

उत्तर : पंधरा-वीस माणसांच्या दुकानात तिसऱ्या महिन्यापासून तो फोटो पाळीपाळीने लागतो आणि सगळ्यांना ते माहीत असतं. त्यापेक्षा घडल्या दिवशी, घडलेली गोष्ट नाव घेऊन सांगा: 'काल तू तेलाच्या खोक्याची तारीख पकडलीस म्हणून एजन्सीने ते बदलून दिलं.' फ्रेमचा खर्चही वाचतो.

प्रश्न : माझ्याकडे चार काउंटर आहेत. एक मुलगी फार वेगात बिलं करते, दोघी मध्यम, एक मुलगा संथ. वेगवान मुलीला त्याच्या शेजारी बसवलं तर तो सुधारेल की खचेल?
(सुपरवायझर, धुळे)

उत्तर : या नेमक्या प्रश्नावर सुपरमार्केटमध्येच अभ्यास झाला आहे. अलेक्झांडर मास आणि एन्रिको मोरेटी या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका साखळीच्या कॅशियरांच्या स्कॅनिंगच्या नोंदी तपासून २००९ मध्ये तो छापला. वेगवान सहकारी शिफ्टवर आला की बाकीच्यांचा वेगही थोडा वाढतो. सहकाऱ्यांचा सरासरी वेग १० टक्क्यांनी वाढला तर माणसाचा स्वतःचा वेग सुमारे दीड टक्क्याने वाढतो. गंमत पुढे आहे. वेग वाढतो तो वेगवान माणूस आपल्याला बघू शकतो तेव्हा. आपण त्याला बघतो आहोत आणि त्याची आपल्याकडे पाठ आहे, तर फरक पडत नाही. शिवाय ज्यांच्या शिफ्ट वारंवार एकत्र येतात त्यांच्यात हा परिणाम जास्त दिसला.

म्हणजे काउंटर एकामागे एक, एकाच दिशेला तोंड करून असतील तर वेगवान मुलीला मागच्या काउंटरवर ठेवा आणि संथ मुलाला तिच्या लगेच पुढे. आणि दोघांच्या पाळ्या आठवड्यातून तीन-चार दिवस तरी एकत्र येऊ द्या.

पण त्याआधी तो संथ का आहे ते बघा. दहा बिलं शेजारी उभं राहून पाहिली की कळतं. बहुतेक वेळा माणूस स्कॅनिंगला संथ नसतो, सुट्या भाजीचे कोड शोधण्यात अडकतो. वांगी, गिलके, दोडके, मेथी अशा पंचवीस कोडांचा तक्ता मोठ्या अक्षरांत काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. भरताची हिरवी वांगी आणि साधी जांभळी वांगी यांचे भाव वेगळे असतात, तिथे चित्रच लावा. काही जण पिशव्या भरण्यात संथ असतात, कारण जड वस्तू खाली घालायच्या हे कुणी शिकवलेलंच नसतं आणि मग पिशवी उपसून पुन्हा भरावी लागते. स्कॅनरची काच पुसलेली आहे का तेही बघा. पिठाचा थर बसला की प्रत्येक वस्तू दोन-तीनदा फिरवावी लागते आणि मशीनचा दोष माणसाच्या नावावर जमा होतो.

काउंटरनिहाय वेगाची यादी भिंतीवर मात्र लावू नका. ती लागली की वेगवान मुलगीच 'गुणिले ६' मारायला लागते.

प्रश्न : दुकानात २४ जण आहेत. होळीच्या आधी आठ दिवस निम्मी पोरं गावाकडे जातात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बाया माहेरी जातात, श्रावणात कानबाईच्या सणाचे रोट. नेमक्या गर्दीच्या दिवसांत माणूस नाही. पगार कापून पाहिला, तर काम सोडून जातात. वर्षात १८ जण सोडून गेले.
(दुकानमालक, नंदुरबार)

उत्तर : या तारखा पंचांगात आधीच छापलेल्या असतात. आदिवासींचा भोंगऱ्या बाजार होळीच्या आधीच्या आठवड्यातच भरणार, सातपुड्यातल्या काठी गावची राजवाडी होळी होळीच्याच रात्री पेटणार, कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारीच बसणार. तरीही दर वर्षी सुट्टीचा अर्ज आदल्या दिवशी येतो, कारण आधी दिला तर नाकारला जातो हे पोरांनी एकदा पाहिलेलं असतं.

जानेवारीत वर्षाचा तक्ता भिंतीवर लावा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला सणाच्या आठ पगारी सुट्ट्या आहेत. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी आपसात ठरवायच्या असतात. तुमच्याकडे होळी आणि आखाजी त्यात नसतील तर मुंबईची यादी कुणीतरी तशीच उतरवली आहे. कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजाही आहेत. सगळ्यांना एकाच दिवशी सोडता येणार नाही हे उघड आहे. तेव्हा दोन गट करा: सातपुड्यातल्या गावांची पोरं होळीला सुटतील आणि आखाजीला थांबतील, बाकीचे उलट. सणाच्या दिवशी काम करावं लागलं तर त्याचा जादा मोबदला कायद्याप्रमाणे द्या आणि तो पगाराच्या चिठ्ठीत वेगळ्या ओळीत दाखवा.

रोजच्या पाळ्यांचंही तसंच. चौदा दिवसांचा तक्ता आधी लागला पाहिजे, 'उद्या सकाळी ये' असा रात्री दहाचा फोन नको. अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या दुकानांच्या साखळीत २०१५-१६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या २८ दुकानांत हा प्रयोग झाला. काही दुकानांत पाळ्यांच्या वेळा स्थिर केल्या, कामगारांना आपसात पाळी बदलायची मुभा दिली, बाकीची दुकानं तुलनेसाठी तशीच ठेवली. स्थिर पाळ्यांच्या दुकानांत विक्री सुमारे ७ टक्क्यांनी आणि तासामागची उत्पादकता सुमारे ५ टक्क्यांनी जास्त निघाली. कपड्यांच्या दुकानात विकणाऱ्याचा हात मोठा असतो, किराण्यात एवढं अंतर पडेलच असं नाही. पण खर्च भिंतीवरच्या एका कागदाचा आहे. पाळीची अदलाबदल रजिस्टरमध्ये दोघांच्या सहीने होऊ द्या, सुपरवायझरला फक्त कळवायचं.

रात्रीचं गणितही मांडा. साडेनऊला शटर, मग गल्ला, मग झाडू, सव्वादहा होतात, तोवर खेड्याकडची शेवटची एसटी निघून गेलेली असते. ज्याची एसटी चुकते तो नवाला घड्याळ बघायला लागतो आणि नवानंतर आलेल्या गिऱ्हाइकाकडे त्याचं लक्ष नसतं. रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. संमती असली तरी सुरक्षितता आणि घरी पोचवायची सोय मालकाची. शेवटची पाळी शहरात राहणाऱ्यांना द्या.

आता अठरा जणांचं. २४ पैकी १८ म्हणजे वर्षाला ७५ टक्के. नवा माणूस पहिल्या बारा दिवसांत निम्म्या वेगाने काम करतो असं धरलं, तर ४८ तास गेले. शिकवणाऱ्या जुन्या माणसाचे १६ तास धरा. एका माणसामागे ६४ तास, म्हणजे पूर्ण आठ दिवसांचं काम. अठरा जणांचे १४४ दिवस झाले. चुकलेले कोड आणि फोडलेल्या बरण्या वेगळ्या.

प्रश्न : ठरावीक शाम्पू आणि फेसवॉश खपवला की नगामागे दोन रुपये असं बक्षीस ठेवलं. खप वाढला, पण एक्सपायरीचं नुकसानही वाढलं. असं कसं?
(अमळनेर)

उत्तर : ज्याला दोन रुपये लावले तेवढंच काम राहिलं. पोरं शाम्पूच्या रॅकशी उभी असतात, पिठाचा रॅक पोरका होतो. नवं खोकं फोडून पुढेच मांडलं जातं, जुना माल मागे ढकलला जातो, कारण जुना पुढे ओढायला वेळ लागतो आणि त्याचे दोन रुपये कुणी देत नाही. शिवाय फेसवॉश गळ्यात मारलेली आजी पुढच्या महिन्यात तुमच्या दुकानात येत नाही.

बक्षीस ठेवायचंच तर सगळ्यांचं मिळून, आणि नुकसान वाचवण्यावर ठेवा. समजा एक्सपायरीत महिन्याला १८,००० जातात. ते ११,००० वर आले तर ७,००० वाचले. त्यातले निम्मे, ३,५००, चौदा जणांत वाटले की प्रत्येकी २५० होतात. रक्कम मोठी नाही, पण ती कशामुळे आली हे प्रत्येकाला दिसतं.

यातही पळवाट निघते, ती आधीच बुजवा. एक्सपायरीवर पैसे लागले की तारीख उलटलेला माल खोक्यामागे लपतो, किंवा त्याहून वाईट, विकला जातो. तो गुन्हा आहे. म्हणून नियम असा करा की तारीख संपायच्या ३० दिवस आधी रॅकवरून काढून दिलेला माल नुकसानीत धरायचा नाही. तो एजन्सीला परत जाऊ शकतो किंवा सवलतीत निघू शकतो. पोरांना माल लपवण्यापेक्षा दाखवण्यात फायदा वाटला पाहिजे. दर सोमवारी अर्धा तास, ज्याचा रॅक त्याने तारखा बघायच्या. खोक्यावर महिन्याच्या रंगाची टिकली लावली तर वाकून बारीक अक्षरं वाचावी लागत नाहीत. मोजणी मात्र दुसऱ्या रॅकवाल्याने करायची.

प्रश्न : एमबीएच्या प्रोजेक्टसाठी दोन सुपरमार्केटमध्ये एंगेजमेंटचा सर्व्हे करायचा आहे. कंपन्यांच्या प्रश्नावल्या इंग्रजीत आहेत, भाषांतर करून दिल्या तर सगळे 'पूर्ण सहमत' वर खूण करतात.
(विद्यार्थी, चाळीसगाव)

उत्तर : करणारच. फॉर्म मालक बघणार आणि सोळा जणांच्या दुकानात अक्षर ओळखू येतं.

प्रश्न पाचच ठेवा आणि रोजच्या बोलण्यातले ठेवा. कामाला लागणारं सामान, म्हणजे काटा, कटर, ट्रॉली, धड असतं का? पुढच्या आठवड्याची पाळी आज माहीत आहे का? चूक झाली तर न घाबरता सांगता येते का? गेल्या महिन्यात तुम्ही सुचवलेली एखादी गोष्ट झाली का? घरी जाताना अंगात त्राण असतं का? यामागे आधार आहे. कामात मन असण्याची कल्पना मांडणाऱ्या विल्यम कान यांनी १९९० मध्ये तीन गोष्टी सांगितल्या होत्या: कामाला अर्थ वाटणं, निर्धास्तपणा, आणि अंगात-मनात ताकद शिल्लक असणं. प्रोजेक्टमध्ये तिसरीकडे सगळेच दुर्लक्ष करतात, पण उभ्याने आठ तास काम करणाऱ्यांच्या बाबतीत आमच्या मते तीच पहिली.

उत्तरं कागदावर घेऊ नका. झाकणाला भोक पाडलेले पाच डबे ठेवा, वर प्रश्नाची चिठ्ठी. प्रत्येकाला पाच तुरीचे आणि पाच हरभऱ्याचे दाणे द्या. 'हो' असेल तर तूर, 'नाही' असेल तर हरभरा. उरलेले दाणे एका बंद पिशवीत टाकायचे, म्हणजे कुणाच्या हातात काय राहिलं ते दिसत नाही. मूठ झाकून टाकायचं. लिहिता न येणारी झाडूवाली मावशीही मत देते. प्रश्न तिला वाचून दाखवा, तो सुपरवायझरने नाही, तुम्ही. मोजणी सगळ्यांसमोर करा.

हे दोन्ही दुकानांत महिन्याच्या अंतराने तीनदा घ्या आणि शेजारी चार आकडे ठेवा: रिकाम्या रॅकच्या नोंदी, माणूस-तासामागे विक्री, एक्सपायरीचं नुकसान, न सांगता दांड्या. निष्कर्ष लिहिताना जपा. सिअर्स या अमेरिकन साखळीचं जे उदाहरण सगळे प्रोजेक्टवाले देतात, त्यात कर्मचाऱ्यांच्या मताचा निर्देशांक ५ अंकांनी वाढला की गिऱ्हाइकांचा १.३ ने आणि पुढे विक्रीची वाढ अर्ध्या टक्क्याने, अशी साखळी १९९८ मध्ये मांडली होती. त्याच सिअर्सने २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. माणसं कितीही मनापासून राबली तरी माल, भाव आणि जागा चुकली तर दुकान चालत नाही. शिवाय दोन दुकानांच्या तुलनेत कशामुळे काय झालं हे ठरत नाही, कारण ज्या दुकानाचा धंदा चांगला तिथली माणसं खूश असणं हेही तितकंच शक्य आहे. हे वाक्य प्रोजेक्टमध्ये स्वतःहून लिहा, तोंडी परीक्षेत विचारायच्या आधी.

प्रश्न : आमचे नवे मॅनेजर म्हणतात गिऱ्हाइकाशी अहिराणीत बोलायचं नाही, 'शुद्ध' मराठीतच बोलायचं. बोलणारी पोरं गप्प झाली आहेत.
(पारोळा)

उत्तर : मॅनेजरांना एक बाजारचा दिवस काउंटरवर उभं करा. खेड्यातून आलेल्या माणसाला 'काय जोयजे?' (काय पाहिजे?) विचारलं की तो चार वस्तू जास्त सांगतो. 'मी आपली काय मदत करू शकतो?' विचारलं की 'काही नाही, बघतोय' म्हणून पुढे सरकतो. भाषा बंद केली की पोरगा वाक्य जुळवायच्या नादात राहतो आणि दादर ज्वारी मागणाऱ्याला संकरित ज्वारीचं पाकीट देतो. माईकवरची घोषणा आणि रॅकवरच्या पाट्या प्रमाण मराठीत असू द्यात. समोरासमोरचं बोलणं गिऱ्हाईक ज्या बोलीत सुरू करेल त्याच बोलीत पुढे न्यायचं, एवढा एकच नियम मॅनेजरांनी लिहून लावावा.